चार वाजताचं मनगट

“एक थेंब तेल मिळेल का? अगदी बारीक हवं.”

एवढंच म्हणाला तो. बिचाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत काउंटरमागच्या मुलीनं त्याचा डावा हात पुढे ओढला, शर्टाची बाही वर सरकवली आणि काचेच्या कांडीनं मनगटावर थेंब टेकवलासुद्धा.

“चोळू नका,” ती म्हणाली. “चोळलं की तेल चिडतं.”

“अहो, पण मला—”

“हलू नका. श्वास तिकडे तोंड करून घ्या.”

त्यानं मुकाट्यानं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात अकरा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि बाराव्या बाटलीची जागा रिकामी होती. ती वाकून त्याच्या मनगटाचा वास घेत होती. तिच्या केसांची एक बट सुटून त्याच्या तळहातावर टेकली होती, आणि तो — हे नंतर त्यानंच मला सांगितलं — मनातल्या मनात आकडे मोजत होता. सत्तावीसपर्यंत पोचला.

“हं.” ती सरळ झाली. “आता एक वाजता या. मग चार वाजता. हाताला साबण लावायचा नाही.”

“येतो,” तो म्हणाला. “पण तेल मला घड्याळात घालायचं होतं.”

ती लाल झाली. नाकापासून लाल झाली. त्या घरात सगळ्याची सुरुवात नाकापासूनच व्हायची.

मी त्या रस्त्यावर एकतीस वर्षं टपाल वाटलं. त्या वेळी मी दारातच उभा होतो, एका हातात सहीचं पत्र आणि दुसऱ्या हातातलं पाकीट तोंडावर धरलेलं, कारण हसू आवरत नव्हतं. पोस्टमनला सगळं दिसतं. जे दिसत नाही ते तो पाकिटाच्या जाडीवरून ओळखतो. तेव्हा या गोष्टीत जे मी पाहिलं ते सांगेन, आणि जे पाहिलं नाही तेही सांगेन... दोन्ही सारखंच खरं समजा.

दुकान अत्तराचं होतं आणि ते आत्याबाईंचं होतं. ती मुलगी म्हणजे त्यांची भाची. लहानपणी ती दुकानात पाऊल टाकलं की शिंकायची. एकदा लागोपाठ एकोणचाळीस शिंका दिल्या, समोरच्या चपलेच्या दुकानाची काच तडकली. म्हणून घरच्यांनी तिला ‘शिंकू’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पण त्या शिंकांनी नाक असं लख्ख धुऊन निघालं, की मोठेपणी तिला बंद बाटलीतला फरक कळू लागला.

तरी आत्याबाईंपुढे ती कच्चीच. मी कोपऱ्यावर वळलो की त्या आत बसल्याबसल्या सांगायच्या, “टपालवाले आले. आज पिशवीत तीन आमंत्रणं आहेत आणि एक भांडण.” आमंत्रणांचं ठीक, नवीन शाई असते. भांडणाचा वास कसा येतो, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “लिहिताना हाताला घाम सुटतो माणसाच्या.” मी ते भांडण पोचवलं, आणि खरोखरच त्या घरातून दोन दिवस आवाज येत होते.

कपाटातली प्रत्येक बाटली घरातल्या एकेकानं बनवलेली. आत्याबाईंची अकरावी. बाराव्या जागेत जो आपलं तेल ठेवील, त्याची दुकानाची गादी. पण तेल तिथे ठेवायचा नियम कडक होता. सकाळी दहाला अंगाला लावायचं, आणि चार वाजता ते जिवंत असलं पाहिजे. नुसतं टिकून उपयोग नाही. त्यानं कपडे बदलले पाहिजेत, असं आत्याबाई म्हणायच्या: सकाळी एक, दुपारी दुसरं, चारला तिसरं. आणि ते लावायचं परक्याच्या मनगटावर. घरच्यांच्या कातडीत पिढ्यान्‌पिढ्यांचं अत्तर मुरलेलं. तिथे पाण्याचा थेंब लावला तरी त्याला चंदनाचा वास यायचा. “घरच्यांच्या कातडीची साक्ष चालत नाही,” हे वाक्य त्या दुकानात मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या पिशवीलाही ते पाठ होतं.

आत्याबाईंना सत्तर पूर्ण व्हायला साठ दिवस उरले होते. तोवर बारावी जागा भरली तर गादी शिंकूची. नाहीतर तिच्या चुलतभावाची, म्हणजे आत्याबाईंच्या दुसऱ्या भाच्याची. त्याला बाटल्या नको होत्या, फवाऱ्याचे डबे हवे होते. त्या आठवड्यात तो येऊन कपाटाची मापं घेऊन गेला होता आणि जाताना म्हणाला होता, “शिंकू, तू काळजी करू नकोस. डबे मांडायला तुलाच ठेवीन.” मोजपट्टी तो तिथेच विसरून गेला. आत्याबाईंनी ती उचलून खणात टाकली आणि मग हात धुतले.

शिंकूचं तेल जवळजवळ झालं होतं. पण परकं मनगट मिळत नव्हतं. दिवसभर साबण न लावणारा, तीन वेळा येणारा, शहाणा माणूस कुठून आणायचा? माझं तिनं आधीच पाहिलं होतं. नाक मुरडून म्हणाली, “काका, तुमच्या हातातून डिंक येतो.” आता एकतीस वर्षं तिकिटं चिकटवल्यावर काय मोगरा येणार?

आणि अशा वेळी हा घड्याळवाला आपण होऊन हात पुढे करून आला... निदान तिला तसं वाटलं.

*

रस्त्यापलीकडे त्याचं दुकान. उघडून पंधराच दिवस झाले होते. दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळं भिंतीवर, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. आत शिरलं की एका पावलात सकाळ आणि दुसऱ्या पावलात संध्याकाळ. पण त्याच्या स्वतःच्या डोक्यात वेळ पक्की होती. एक म्हणजे एक वाजता तो काउंटरपाशी हजर झाला, डावी बाही आधीच दुमडून.

“घड्याळवाले असून हातात घड्याळ नाही?” ती मनगट हातात घेत म्हणाली.

“दिवसभर चाळीस जणी कानाशी बोलतात. हात तरी गप्प असावा.”

तिनं हसू नाकात दाबलं आणि वास घेतला.

“काय येतंय?” त्यानं विचारलं.

“सकाळी पिकलेली नासपती कापल्यासारखं होतं, वर मधाचा हात. नुसतं नाचत होतं. आता बघा, मांडी घालून बसलंय. कोमट झालंय, आणि मागे धुराची एक बारीक रेघ आहे...”

“मला फक्त गोड येतंय.”

“तुम्ही नाकानं घाई करता.”

“आमच्या धंद्यात घाई म्हणजे बिघाड. पुन्हा घेऊ का?”

“चार वाजता.”

चार वाजता खरं लाकूड यायला हवं होतं. गोडवा विरून त्याच्या खालून चंदन वर येईल, बंद कपाट हळूच उघडावं तसं, असा तिचा हिशेब होता. तिनं वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग मनगट हलकेच काउंटरवर ठेवलं, जसं काही ते त्याचं नव्हतंच.

“काय झालं?”

“काही नाही. गोळ्या संपल्यावर डबा उरतो ना... तसं.”

ती हसली, पण खालचा ओठ जरासा मुडपला होता. घड्याळवाल्यानं ते पाहिलं. मीही पाहिलं, पण मी घरी जाऊन जेवलो. तो मात्र रात्रभर त्या ओठाचा विचार करत राहिला असणार, कारण दुसऱ्या दिवशी दहाला तो दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला होता.

“तुमचं घड्याळाचं तेल मिळालं का?” तिनं कुलूप काढत विचारलं.

“मिळालं. त्याला वासच नसतो. वास आला म्हणजे तेल बिघडलं.”

“किती कंटाळवाणं.”

“कालपर्यंत वाटत नव्हतं.”

ती कुलपाकडे वळली. ते आधीच उघडलेलं होतं, तरी तिनं ते पुन्हा दोनदा उघडलं.

*

असे पंधरा दिवस गेले. रोज रात्री ती प्रमाण बदलायची, रोज सकाळी नवा थेंब. दहा, एक, चार. तो दिवसातून तीनदा दुकानाला ‘आलोच’ अशी पाटी अडकवून रस्ता ओलांडायचा. वेळ इतकी अचूक, की लोक त्याच्याकडे पाहून घड्याळं लावायला लागले. बँकेच्या वॉचमननं तर आपलं घड्याळ मेहुण्याला देऊन टाकलं.

“तुम्ही काल हाताला साबण लावलात,” एक दिवस ती म्हणाली.

“नाही हो.”

“मग?”

“मग... एका बाईंनी घड्याळ नेताना हात मिळवला.”

“गुलाबी साबण वापरतात. स्वस्तातला.”

“बाई माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत.”

“मी कुठे वय विचारलं?” असं म्हणून तिनं ओल्या कापडानं ते मनगट पुसलं. आणि पुसलं. एक थेंब लावायची जागा पुसायला इतका वेळ लागत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

आत्याबाई मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या असायच्या. मध्येच म्हणायच्या, “काटेवाले, आज तुम्ही दाढी केलीत. दोनदा केलीत.” तो गाल चाचपायचा. शिंकू बाटल्यांमागे तोंड लपवायची.

पण चार वाजता तेल मरायचं. कधी साखरेसारखं घट्ट होऊन, कधी पुठ्ठ्यासारखं कोरडं पडून. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, “चुलतभाऊ बरोबर असेल. मला मांडायलाच येत असेल नुसतं.” त्यानं मनगट नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त तिच्यापुढे ठेवलं, जसं त्यात तिला काहीतरी सापडेल.

आणि सोळाव्या दिवशी सापडलं.

चारच्या ठोक्याला तो धापा टाकत आला. तिनं सवयीनं वाकून वास घेतला आणि तशीच थांबली. डोळे मिटले. मी म्हणतो मिनिट झालं असेल. तो म्हणतो चौपन्न सेकंद.

“लाकूड...” ती पुटपुटली. “आलं. जुनं, कोरडं, शांत लाकूड. गोडवा त्याच्या मागे उभा आहे बघा, दाराआड लपलेल्या पोरासारखा...” तिनं डोळे उघडले, ते भरलेले होते. मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं एक हात सोडला. दुसरा राहिला.

तो तरंगत दुकानात परतला. उघड्या पेटीसमोर अर्धवट राहिलेलं काम होतं: माणसाएवढं उभं घड्याळ, साठ-सत्तर वर्षांचं. तीनपासून तो त्याच्या पेटीत खांद्यापर्यंत हात घालून लंबक बसवत होता. त्यानं पुन्हा हात आत घातला आणि पेटीतून एक उबदार, जुना वास त्याच्या तोंडावर आला. त्यानं मनगट नाकाशी नेलं. मग पेटीत डोकं घातलं. मग पुन्हा मनगट.

तो स्टुलावर मटकन बसला. लाकूड तिच्या तेलाचं नव्हतं. देवदाराच्या पेटीचं होतं.

सांगणारच होता तो. सकाळी दहाला सांगायचं ठरवून आला. पण ती केस धुऊन आली होती, गुणगुणत होती, आणि बाटलीवर चिकटवायला चिठ्ठी कापत होती. “आज पुन्हा एकदा बघू,” ती म्हणाली, “खात्रीसाठी. आपलं तेल.” आपलं म्हणाली ती. त्यानं बाही दुमडून मनगट पुढे केलं.

त्या दिवशी चार वाजायला पाच मिनिटं असताना घड्याळवाल्यानं पेटी उघडली आणि डावं मनगट आतल्या फळीवर हलकेच घासलं. चोरी करावी तसं, इकडे तिकडे बघून. मी पत्र घेऊन दारात होतो. मला वाटलं, घड्याळाला खाज सुटली असेल.

तिनं पुन्हा डोळे मिटले.

*

“रविवारी बघू,” आत्याबाई म्हणाल्या. “काटेवाले दहापासून चारपर्यंत इथे, माझ्यासमोर बसतील. या खुर्चीवरून हलायचं नाही.”

शनिवारी दुपारी मी घड्याळाच्या दुकानात एक पाकीट द्यायला गेलो आणि मला पिशवीत ते सापडेना. सापडेना म्हणजे मी सापडू दिलं नाही, कारण तो तिला आत घेऊन येत होता. पहिल्यांदाच ती रस्ता ओलांडून आली होती. चाळीस घड्याळांची टिकटिक ऐकून हसली.

“मला दाखवायचंय काहीतरी,” तो म्हणाला, आणि उभ्या घड्याळाचं दार उघडलं.

तिला वाकावंही लागलं नाही. तिथूनच तिचा चेहरा उतरत गेला.

“सोळाव्या दिवशी?” तिनं विचारलं.

“त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. देवाशप्पथ.”

“आणि काल?”

त्यानं पेटीचं दार लोटलं.

“काल माहीत होतं?”

“होतं.”

“मग का?”

“तुम्ही डोळे मिटलेत ना...” तो म्हणाला. “तुम्ही पंधरा दिवसांत पहिल्यांदा खूश दिसलात. मला ते परत बघायचं होतं. एकदाच.”

“मी उद्या आत्यासमोर तोंडावर आपटले असते.”

“म्हणून तर आज—”

“मला नाकाशिवाय काही नाही हो.” आवाज बारीक झाला होता तिचा. “आणि तुम्ही त्यालाच फसवलंत.”

ती गेली. बाहेर सर आली होती. ती भिजत गेली, रस्त्याच्या मधोमध, जराही घाई न करता. मला पाकीट सापडलं. मी ते त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उलटं धरून वाचायला घेतलं.

रविवारी शिंकूनं आत्याबाईंना सगळं सांगितलं. खुर्ची रिकामी होती. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “देवदार. साठ वर्षांचं. त्यात थोडं पितळ. दारातून आत येतानाच वास आला होता मला.”

“मग बोलली का नाहीस, आत्या?”

“तुझं तेल, तुझं नाक. मी किती दिवस उसनं देऊ?” मग जरा थांबून, “पण वास चांगला होता.”

वास चांगला होता. हे वाक्य घेऊन शिंकू दिवसभर बसली. सोमवारी सकाळी दहा वाजता — घड्याळवाला आपल्या दारात उभा, बाही दुमडलेली, पाऊल उचलायची हिंमत नाही — तीच रस्ता ओलांडून आली.

“त्या घड्याळाची मागची फळी बदलायची आहे, असं म्हणाला होतात तुम्ही.”

“किडलीय ती. नवी बसवतोय.”

“जुनी काय करता?”

“ठेवतो. नाहीतर फेकतो.”

“मला द्या.”

त्यानं फळी दोन्ही हातांनी दिली. ती म्हणाली, “हिचे पातळ काप काढून चंदनाच्या तेलात मुरवायचे. चाळीस दिवस, बाटली न उघडता. एकदाच जमेल, दुसऱ्या खेपेला दिवस उरत नाहीत. तोवर तुमचं मनगट मला नको.”

“आणि मनगटामागचा माणूस?”

ती फळी छातीशी धरून उभी राहिली. “त्याला... त्यालाही मुरू दे जरा.”

*

चाळीस दिवस तो रस्ता ओलांडून आला नाही. पण रोज चार वाजता तो आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहायचा, डावी बाही कोपरापर्यंत दुमडून. मिनिटभर. मग आत जायचा. ऊन असो, सर असो, एकदा तर ताप असो. हात वगैरे करायचा नाही. आणि चार वाजले की अत्तराच्या दुकानात शिंकूला कपाटाची काच पुसायची आठवण यायची. त्या काचेत रस्ता दिसायचा. ती काच इतकी पुसली गेली, की पातळ होऊन एक दिवस पाखरू आरपार गेलं.

चाळीस दिवस झाल्यावर तिनं बाटली उघडली, आपल्या तेलात मोजून थेंब मिसळले आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे आत्याबाईंना सत्तर पूर्ण झाली त्या सकाळी, तिनं स्वतः समोर जाऊन सांगितलं, “चला.”

तो येऊन खुर्चीवर बसला. अंघोळ केलेला, साबण न लावलेला, बाही दुमडलेली. आत्याबाईंनी कांडी बुडवली. मी टपाल घेऊन आत शिरलो आणि त्यांनी खपकन माझं मनगट धरलं.

“आत्या, काकांच्या हाताला डिंक आहे,” शिंकू घाबरून म्हणाली.

“असू दे. डिंकातून वर येईल ते खरं.”

“आणि मी?” घड्याळवाल्यानं कोरडं मनगट पुढे केलं.

“तुम्ही बसा. हलायचं नाही.”

त्या दिवशी ज्यानं टपाल वाटलं तो मी नव्हतोच. पहिला तास नासपती आणि मध. चौकातला कुत्रा, जो अकरा वर्षं माझ्या पँटवर नेम धरून होता, त्यानं मला पाहून शेपटी हलवली. बारा वाजता तेल अंगात उतरू लागलं. उन्हात चाललो की ते जागं व्हायचं, जिन्याच्या सावलीत शिरलो की निजायचं. एकला ते कोमट झालं, धुराची रेघ आली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी पत्र घेता घेता मला आत बसवून त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. दोनला गोडवा पातळ झाला. तीनला... तीनला काहीच येईना. डिंक यायला लागला. एकतीस वर्षांत कोणाची वाईट बातमी पोचवताना पाय इतके जड झाले नव्हते.

तिकडे दुकानात ती दोघं सहा तास समोरासमोर. आत्याबाईंचे डोळे मिटलेले, नाक उघडं.

“ताप उतरला का?” तिनं हळूच विचारलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्या दिवशी तुम्ही दोन मिनिटं उभे होतात. एक जास्त.”

“तुम्ही काच पुसत होतात ना?”

“काचेत दिसतं,” ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, “पुन्हा माझ्या नाकाशी खोटं बोलणार?”

“नाही. वाईट वास आला तरी सांगेन.”

“माझ्या तेलाला वाईट वास येतो?”

“बघा, खरं बोलायलाही जागा नाही.”

चारला पाच कमी असताना मी कोपऱ्यावर वळलो. घामानं मनगट ओलं होतं. पुसायला उचललं आणि थांबलो. डिंकाच्या खालून काहीतरी वर येत होतं. माझ्या आईची लाकडी पेटी होती, कपड्यांची; ती गेल्यावर मी ती एकदाच उघडली होती. तसं. शांत. कोरडं. आणि त्याच्या मागे, अगदी मागे, मध.

आत्याबाईंनी माझं मनगट घेतलं. शिंकूनं काउंटरची कड धरली होती, बोटं पांढरी. आत्याबाईंनी एकदाच वास घेतला. उठल्या, बाटली उचलली, बाराव्या जागेत ठेवली आणि तिचं तोंड रस्त्याकडे केलं. मग खणातून चुलतभावाची मोजपट्टी काढून माझ्या पिशवीत टाकली.

“टपालवाले, ही त्याच्या पत्त्यावर टाका.”

शिंकूला शिंक आली. एक नाही, सात. सातवीनंतर ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही.

घड्याळवाला उभा राहिला, अंग आखडलेलं. “आत्याबाई, मग मला सहा तास कशाला बसवलंत? माझं मनगट कोरडंच राहिलं.”

“तुमची साक्ष चालत नव्हती.”

“का? मी तर परकाच आहे.”

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे, आणि खुर्चीत बसून पुन्हा डोळे मिटले.

“घरच्यांच्या कातडीची साक्ष चालत नाही,” त्या म्हणाल्या.

तो कानापर्यंत लाल झाला. ती नाकापासून. मग ती काउंटरच्या मागून बाहेर आली — तिला मी तिथून ग्राहकासाठी बाहेर येताना कधी पाहिलं नव्हतं — आणि तिनं ते कोरडं मनगट हातात घेतलं.

“आज काही लावलेलं नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

तिनं वाकून वास घेतला. डोळे मिटले.

“काय येतंय?” त्यानं विचारलं.

“गोड नाही. लाकूडही नाही.” ती थांबली. “तू.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त तू.”

रस्त्यापलीकडे चाळीस घड्याळांनी चार वाजवायला सुरुवात केली. एक आधी, एक नंतर, एक अडखळत, एक जांभई देऊन... सगळ्यांचं उरकायला साडेचार वाजले. मी पिशवी खांद्याला लावून दारातच उभा होतो, म्हणून सांगतो. तोवर तिनं मनगट सोडलं नव्हतं.